मावशीची एकच हेडर फाइल

लिफ्टचे प्रोग्राम लिहिणाऱ्या त्या ऑफिसात सगळे तिला मावशी म्हणत. मान म्हणून नव्हे हो, बाई म्हातारी झाली हे रोज ऐकवायला. साहेबाला सी भाषेचा ओनामा तिनंच शिकवलेला. तोही मावशीच म्हणायचा.

तिथला कारभार म्हणजे आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय! आकडा किती मोठा, उणे चालतो की नाही, याच्या व्याख्या जो तो आपापल्या फाइलीत लिहून बसलेला. एकट्या 'बाइट'च्या सतरा व्याख्या! मावशीनं सहा महिने डोळे फोडून सगळ्या एकाच हेडर फाइलीत आणल्या. बाकीच्या फाइलींनी आधी ती वाचायची, बस्स.

"चाचणी नीट झाली तर निवृत्तीनंतरही आणखी वर्षभर नोकरीवर ठेवतो," साहेब म्हणाला होता. तिला तेच हवं होतं. नवरा अंथरुणाला खिळलेला, त्याचं दर महिन्याचं इंजेक्शन कंपनीच्या विम्यावर, आणि विमा नोकरी असेपर्यंतच.

चाचणीला दार बंद करायचं बटण दाबलं, तरी लिफ्टचं दार सताड उघडं. सगळे खो खो हसले. मावशीनं दोन मिनिटांत चोर पकडला. तिच्या फाइलीच्या तळाशी कुणीतरी एक ओळ घातली होती: इथून पुढे 'खरं' म्हणजे 'खोटं'. कुणी घातली तेही बदलांच्या नोंदीत होतं. साहेबानंच.

"अहो, गंमत केली!" साहेब डोळे पुसत म्हणाला. "पण बघा, एक फाइल बिघडली की सगळंच बोंबललं. जुनी पद्धतच बरी. सगळं होतं तसं करून द्या, मग सुटलात तुम्ही."

"आणि मला ठेवणार होतात ते?"

"तेवढं सोडून बोला."

असा संताप आला तिला, की कीबोर्ड त्याच्या टाळक्यात घालावा. पण गरजवंताला अक्कल नसते. इंजेक्शन सोमवारी होतं, आणि काम संपेपर्यंत नोकरी. म्हणून ती एकेक फाइल उघडून जुना घोळ आपल्याच हातानं परत लिहू लागली, दिवसाला मोजून पाच. शुक्रवारी दुपारी सत्तर उरल्या होत्या.

साहेब खुर्चीमागे येऊन उभा राहिला.

"हातानं कशाला मरताय, मावशी? मी आत्ताच एका कमांडमध्ये सगळं मागं फिरवलं. झालं काम! ओळखपत्र आणि विम्याचं कार्ड तेवढं जाताना बाहेर देऊन जा." त्यानं तिच्या पाठीवर थोपटलं. "सोमवारपासून काकांजवळ निवांत बसा."