‘लग्न मोडलं’ नावाचं बटण

मावशीच्या बिछायत केंद्रासाठी मी केलेला प्रोग्राम वऱ्हाडीत बोलायचा. मेहकरात लग्न असो, बारसं असो की तेरवी, मांडव, गाद्या, पराती, स्वयंपाकाचे मोठे गंज मावशीकडूनच भाड्यानं जायचे, आणि कुठला गंज कोणाच्या घरी अडकलाय हे तो प्रोग्राम सांगायचा. दुकानातल्या एकाच कम्प्युटरवर चालणारा, इंटरनेटची कटकट नाही, मागे पक्का डेटाबेस. शोधायच्या बटणावर लिहिलं होतं ‘धुंड’. काही न बदलता मागे फिरायचं तर ‘राहू दे’. ऑर्डर कायमची काढून टाकायची तर ‘लग्न मोडलं’. तारीख टाकायची राहिली की पाटी यायची, ‘काऊन वं, तारीख कोन टाकन?’ मावशी त्या पाटीला उलट उत्तर द्यायची, “टाकून राह्यली न बे, घाई कायची तुले?” आणि तारीख टाकायची.

असे प्रोग्राम करणाऱ्यांच्या एका ऑनलाइन ग्रुपात मी आहे. तिथे अधूनमधून आपलं काम दाखवायचं असतं. एकानं बायकोच्या लोणच्यांच्या धंद्यासाठी इतका भक्कम प्रोग्राम केला की पासवर्ड फक्त त्यालाच ठाऊक. बायको बिचारी बरण्यांवर चिठ्ठ्या चिकटवून धंदा करत होती. त्यालाही सगळ्यांनी लिहिलं, ‘अप्रतिम, सर!’ तिथे प्रत्येकाला प्रत्येकाचं काम अप्रतिमच वाटतं, कारण पुढची पाळी आपली असते. खोटं कशाला बोलू, त्या एका ‘अप्रतिम’साठी माझाही जीव टांगणीला लागला होता.

मावशीला सांगितलं, तुझा प्रोग्राम पुण्या-मुंबईचे लोक पाहणार. ती खूश व्हायचं सोडून घाबरलीच.

“असाच दाखवशीन का बे? ‘धुंड’ अन् ‘काऊन वं’? हसतीन न लोक मले! पुस्तकातल्यावानी कर आधी.”

“पन मावशी, तुले याची सवय हाये.”

“मले शिकवू नको. माह्या दुकानाचं नाव हाये त्याच्यावर.”

झालं. ‘धुंड’चं ‘शोधा’ झालं. ‘राहू दे’चं ‘रद्द करा’ झालं, फोनात असतं तसं. ‘लग्न मोडलं’ची ‘नोंद हटवा’ झाली. मावशीनं चष्मा लावून सगळं पाहिलं आणि म्हणाली, “आता कसा तहसीलदारावानी बोलते!”

ग्रुपात चित्रं टाकली आणि धडाधड ‘अप्रतिम’ यायला लागले. पुण्याच्या एका गृहस्थांनी लिहिलं, ‘ग्रामीण भागातही इतकी शुद्ध भाषा पाहून आनंद झाला.’ भागात‘ही’! त्या ‘ही’नं माझं टाळकंच सटकलं. तरी खाली हात जोडल्याचं चिन्ह मीच टाकलं.

त्याच आठवड्यात सुलतानपूरहून एका मुलीच्या बापाचा मावशीला फोन आला. साखरपुडा होऊन गेल्यावर मुलाकडच्यांनी नकार कळवला होता. “लग्न मोडलं ताई, आमची ऑर्डर रद्द करा,” एवढंच तो म्हणाला. मावशीनं त्याला धीर दिला, ऑर्डर उघडली, समोर ‘रद्द करा’ दिसलं ते दाबलं. खिडकी बंद झाली. मावशीच्या लेखी काम झालं. प्रोग्रामच्या लेखी बाईनं ऑर्डर नुसती उघडून पाहिली आणि राहू दिली. शुद्ध भाषेत ‘रद्द करा’ म्हणजे ‘राहू दे’, हे त्या माउलीला कोणी सांगायचं?

लग्नाच्या आदल्या सकाळी मावशी दुकानात यायच्या आत प्रोग्रामनं छापलेली यादी घेऊन टेम्पो निघून गेला. मग ड्रायव्हरचा फोन.

“ताई, मांडवाचे बांबू रोवून राह्यलो, पन घरात पावनाच नाही कोनी. पोरीचा बाप खाटेवर बसून हाये, बोलूनच नाही राह्यला.”

मावशीचा चेहरा खर्रकन उतरला. बिछायतवाल्याचं नाव एकदा अपशकुनी म्हणून निघालं की आमच्याकडे त्याला कोणी दारात उभं करत नाही. ती माझ्या मोटारसायकलवर मागे बसली आणि रस्ताभर माझ्या ‘अप्रतिम’चा उद्धार करत राहिली.

पोचलो तर अर्धा मांडव उभा. माफी मागायला मावशी पुढे झाली, तोच घरातून मुलगी धावत बाहेर आली. हाताला कणीक तशीच होती. तिनं मांडवाकडे पाहिलं, मग मावशीकडे.

“काकू, जमलं का परत? त्याइनं पाठवलं का तुमाले?”

अख्ख्या बाजाराला पुरून उरणाऱ्या माझ्या मावशीनं मुलीचे कणकेचे हात धरले आणि नाही म्हणून मान हलवली. “बरं,” म्हणून मुलगी आत गेली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बांबू मी आणि ड्रायव्हरनं मिळून उपटले. बाप शेवटपर्यंत खाटेवरून उठला नाही.

दुकानात परत आल्यावर मावशी म्हणाली, “माही बोली टाक परत.” मी टाकली. मग म्हणाली, “आनखीन एक पाटी पायजे. ‘लग्न मोडलं’ दाबलं का तिनं इचारलं पायजे, ‘पोरीले इचारलं का?’ अन् हाव म्हनल्याबिगर पुढं नाही जाऊ द्याचं.”

“त्यानं काय होईन, मावशी?”

“मले काय मालूम! पन मोडतानी तिले कोनीच इचारलं नसंन न बे.”

नव्या पाटीचं चित्र मी ग्रुपात टाकलं. या वेळी ‘अप्रतिम’ एकही आलं नाही. पुण्याच्या गृहस्थांनी मात्र सल्ला दिला, ‘ही पाटी अनावश्यक आहे. वापरणाऱ्याचा वेळ जातो.’ मी ते मावशीला वाचून दाखवलं. तिनं एक सणसणीत शिवी हासडली, ती इथे लिहिता येणार नाही.

परवा पुन्हा एक लग्न मोडल्याचा फोन आला. मावशीनं ऑर्डर उघडली, बटण दाबलं, पाटी आली. तिनं चष्मा लावून ती वाचली. मग फोनात म्हणाली, “दादा, पोरीले द्या बरं फोन.”