मावसभावांचे अकरा सेकंद

वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर दर शनिवारी चार वाजता सिनेमा दाखवत. सिनेमा संपला की प्रत्येकाला पोस्टकार्डाएवढं एक कोरं कार्ड मिळे. त्यावर आपलं मत लिहायचं आणि दाराशी ठेवलेल्या लाकडी पेटीत टाकायचं. पुढच्या शनिवारी नवा सिनेमा लागण्याआधी ग्रंथपालबाई ती कार्डं मोठ्यानं वाचत. कित्येक जण सिनेमापेक्षा त्या पंधरा मिनिटांसाठीच येत, आणि त्यातही एकाच माणसाच्या कार्डासाठी.

त्या माणसाला सगळे पुरावेकाका म्हणत. चष्म्याच्या दुकानाच्या मागच्या खोलीत काचा घासण्यात त्यांची चाळीस वर्षं गेली होती. काच केसभर जास्त घासली गेली तर फ्रेममध्ये खुळखुळते, केसभर कमी घासली गेली तर बसतच नाही. कामातली ही सवय ते सिनेमालाही घेऊन येत. इतिहासावरचे माहितीपट तर त्यांच्या तावडीतून सुटतच नसत. एकदा त्यांनी लिहिलं होतं, "बंदर जळालं त्या सकाळचा म्हणून जो फोटो दाखवला, त्यातल्या सावल्या संध्याकाळच्या आहेत." दुसऱ्या एका कार्डावर होतं, "राजा मनातून खचला, असं निवेदक सांगतो. कोणाला विचारून? पुरावा काय?" आणि तिसऱ्यावर, "माणसानं स्वतःच्या हातानं, त्याच दिवशी लिहिलेलं असेल, तोच खरा पुरावा. बाकी सगळ्या बाता."

मागच्या रांगेतले निवृत्त पोस्टमास्तर कोणी काहीही बोललं की लगेच म्हणत, "पुरावा काय?" आणि हॉल हसे.

पुरावेकाकांच्या शेजारच्या खुर्चीवर त्यांचा मावसभाऊ बसायचा. तो घड्याळांच्या कारखान्यात तपासणी विभागात होता. कारखाना बंद पडल्यावर घरीच जुनी घड्याळं दुरुस्त करायचा. दोघंही सडेफटिंग, एकाच घरात राहणारे. "दोन मावसभाऊ, एक चूल, काटकसरीची माणसं," असं शेजारीपाजारी म्हणत. ते मावसभाऊ नव्हते. नात्यानं एकमेकांचे कोणीच नव्हते. पहिल्या घरमालकानं "तुम्ही दोघं कोण?" असं विचारलं, तेव्हा पुरावेकाकांच्या तोंडून तो शब्द निघून गेला होता. एकदा निघाला तो एकतीस वर्षं घरातलाच होऊन बसला.

चार वर्षांपूर्वी ग्रंथपालबाईंनी फळ्यावर कागद लावला : महिन्याचा शेवटचा शनिवार, क्वीअर सिनेमा.

"हे काय असतं हो बाई? खायचं की प्यायचं?" पोस्टमास्तरांनी विचारलं.

"बघायचं असतं. बाईनं बाईवर, पुरुषानं पुरुषावर प्रेम केलं तर काय होतं ते. चार वाजता या."

त्या शनिवारी दोघं घरातून पंधरा मिनिटांच्या अंतरानं निघाले. पुरावेकाका नेहमीसारखे तिसऱ्या रांगेत बसले आणि घड्याळवाला सगळ्यात मागे, कोपऱ्यात. तसं पुरावेकाकांनीच ठरवलं होतं.

"अरे, एरवी शेजारी बसणारी माणसं नेमकी त्याच दिवशी लांब बसली, तर उलट लोकांच्या डोळ्यांत येईल," घड्याळवाला म्हणाला होता.

"आलं तर सांग, पंख्याचा वारा सोसत नाही."

"महिन्यातून एकदाच?"

पण तो मागे बसला. पुढेही दर वेळी तिथेच बसत गेला.

या सिनेमांवरची पुरावेकाकांची कार्डंही गाजत. "दोघांपैकी कोण मरणार ते विसाव्या मिनिटाला कळलं. ज्याला खोकला आला तो. या वर्षातला हा पाचवा." किंवा, "दोघं सात वर्षं एकत्र राहतात, पण या घरात एकदाही दूध उतू जात नाही, नळ गळत नाही, कोणी कोणावर खेकसत नाही. खिडकीत उभं राहून सुस्कारे टाकायला यांना वेळ कुठून मिळतो? नोकऱ्या नाहीत का?" लोक पोट धरून हसत. एवढं बारीक हा माणूस का बघतो, असं त्या हसण्यात कोणाच्या मनात आलं नाही.

घड्याळवाला मात्र घरी येऊन सिनेमाचा शेवट भलताच सांगायचा. मेला एक तर हा दुसराच मेला म्हणायचा.

"तुझं लक्ष असतं कुठे?" पुरावेकाका चिडत.

"असतं आपलं. तू तुझं सांग. तुझ्या कार्डावर चूक काय झाली तेवढंच असतं. तुला काय वाटलं ते कधीच नसतं."

"वाटण्याला पुरावा नसतो."

"मी आज रडलो."

"तू? कधी?"

"तुला कसं दिसणार? तू पुढे बसतोस." मग भिंगातून घड्याळात बघता बघता तो म्हणाला, "एकदा शेजारी बसू की. एकच सिनेमा. हात धरायला नाही सांगत."

"पुढच्या वेळी बघू," पुरावेकाका म्हणाले. ते तीन वर्षं तेच म्हणत राहिले.

मग घड्याळवाल्याला इस्पितळात ठेवावं लागलं. खाटेशी सिस्टर फॉर्म भरत होती. "तुमचं नातं काय?" तिनं मान वर न करता विचारलं. पुरावेकाका म्हणाले, "मावसभाऊ." एकतीस वर्षांची सवय, विचार करायलासुद्धा थांबावं लागलं नाही. सिस्टर लिहून निघून गेली. घड्याळवाल्यानं तोंडावरची नळी थोडी बाजूला केली.

"इथेही?"

एवढंच म्हणाला आणि भिंतीकडे वळला. त्यानंतर तो चार दिवस होता. पाणी मागितलं, स्वयंपाकघरातल्या घड्याळाला किल्ली द्यायची आठवण केली, पण तो विषय पुन्हा काढला नाही. पुरावेकाकांनीही काढला नाही. फॉर्म परत मागता आला असता, एक शब्द खोडता आला असता. चार दिवस म्हणजे काही कमी वेळ नव्हता. सह्या घड्याळवाल्याच्या पुतण्यानं केल्या. शेवटचा निरोप देताना पुरावेकाका तिसऱ्या रांगेत उभे होते, मावसभाऊ उभा राहतो तिथे.

या गोष्टीला आठ महिने झाले. शनिवारी शेजारच्या खुर्चीवर ते आता आपली छत्री ठेवत. कोणी तिथे बसायला आलं तर छत्री उचलत नसत.

अशात एका शनिवारी घड्याळांच्या कारखान्यावरचा माहितीपट लागला. करणारी मुलगी स्वतः आली होती. दोन वर्षं खपून तिनं तो केला होता.

"ही अजून पक्की प्रत नाही," ती म्हणाली. "चूक सापडली तर पुढच्या शनिवारपर्यंत कार्डावर लिहून द्या. त्यानंतर हा वाचनालयाच्या संग्रहात जाईल. मग कायमचा." आणि तिसऱ्या रांगेकडे बघून म्हणाली, "काका, तुमच्याबद्दल फार ऐकलंय. तुमच्या धास्तीनं एकेका वाक्याचा पुरावा जमवलाय!"

हॉल हसला. पुरावेकाकाही हसले. आणि माहितीपट खरंच चांगला होता. तारखा बरोबर होत्या, उगाच रडकं संगीत नव्हतं, न पाहिलेल्या माणसाच्या मनात निवेदक शिरत नव्हता. कार्डावर काय लिहावं, असा त्यांना प्रश्न पडायला लागला होता.

तेवढ्यात कारखान्याचा पंचविसावा वर्धापनदिन आला. कारखान्याच्याच कॅमेऱ्यानं टिपलेली जुनी फिल्म होती. कामगारांनी घरच्या माणसांना आणलं होतं. पायऱ्यांवर दोन तरुण बसले होते. आधी पुरावेकाकांनी शर्ट ओळखला. बारीक चौकड्यांचा, कोपरावर रफू केलेला. त्या शर्टवाल्यानं शेजारच्याच्या नाकावरून चष्मा काढला, काचेवर फुंकर घातली, शर्टाच्या टोकानं पुसली, उजेडाकडे धरून बघितली आणि चष्मा परत त्याच्या नाकावर बसवला, आधी एक कान, मग दुसरा. निवेदक म्हणाला, "कारखाना म्हणजे एक कुटुंबच होतं. तपासणी विभागातला हा तरुण आपल्या मावसभावाला घेऊन आला होता."

अकरा सेकंद. मग पडद्यावर यंत्रं सुरू झाली.

कार्डं वाटली गेली तेव्हा पुरावेकाका उठून मुलीकडे गेले. तेव्हाचे दाट काळे केस आता उरले नव्हते. तिनं त्यांना ओळखायचा प्रश्नच नव्हता.

"ते पायऱ्यांवरचे दोघं. मावसभाऊ कशावरून?"

तिचा चेहरा खुलला. हाच प्रश्न कोणीतरी विचारावा, याची ती वाटच बघत असावी. तिनं फाइल उघडली. "पाहुण्यांची नोंदवही मिळाली, काका. ही बघा. आलेल्या प्रत्येकानं स्वतः लिहायचं होतं, कोणाबरोबर आलो आणि नातं काय. हे त्या पाहुण्याचं अक्षर. स्वतःच्या हातानं, त्याच दिवशी. तुम्हीच म्हणता ना, याहून पक्का पुरावा नसतो?"

अक्षर त्यांचंच होतं. सरळ, टपोरं, एकही काना-मात्रा न चुकलेलं.

"बरोबर आहे," ते म्हणाले आणि कोरं कार्ड खिशात घालून घरी आले.

बुधवारपर्यंत ते कार्ड जेवणाच्या टेबलावर पडून होतं. गप्प बसलं की झालं. शनिवार जाईल, आणि मग घड्याळवाला संग्रहात कायमचा मावसभाऊ म्हणूनच राहील. पन्नास वर्षांनी कोणी बघेल, तेव्हाही तो मावसभावाचाच चष्मा पुसत असेल. लिहिलं, तर हॉल, दुकान, जिना, सगळीकडे लोकांच्या नजरा आणि कुजबूज. गुरुवारी ते कार्ड खिशात घालून दुकानात गेले. काच घासताना त्यांच्या हातून केसभर जास्त गेली. चाळीस वर्षांत असं दोन-तीनदाच झालं असेल. मालक म्हणाले, "जाऊ द्या हो, दुसरी घ्या." पुरावेकाकांनी दुसरी घेतली नाही. हात पुसले, खिशातून कार्ड काढलं आणि तिथेच, चाकाशेजारी उभ्या उभ्या लिहून टाकलं.

शनिवारी ग्रंथपालबाई कार्डं वाचू लागल्या. चुका टिपून घ्यायला ती मुलगीही आली होती. पुरावेकाकांचं सगळ्यात शेवटी, नेहमीसारखं. लोक आधीच सरसावून बसले. बाईंनी पहिली ओळ मनात वाचली आणि तिसऱ्या रांगेकडे बघितलं. पुरावेकाकांनी मान हलवली, वाचा म्हणून.

"चूक एक. पायऱ्यांवरचे दोघं मावसभाऊ नव्हते. ते एकतीस वर्षं एका घरात राहिले, नवरा-बायको राहतात तसे. नोंदवहीतलं अक्षर खोटं बोलणाऱ्याचं आहे. ते अक्षर माझं आहे."

"पुरावा का..." पोस्टमास्तरांच्या तोंडून सवयीनं निघालं आणि अर्ध्यावरच अडलं. कोणी हसलं नाही.

पुरावेकाका उभे राहिले. "पुरावा नाही," ते म्हणाले. "तो राहू नये, एवढीच काळजी आम्ही जन्मभर घेतली. एकत्र फोटो काढला नाही. एकमेकांना पत्र लिहिलं नाही. या हॉलमध्ये तसला सिनेमा असला की शेजारीसुद्धा बसलो नाही. इस्पितळात विचारलं, तेव्हाही मी मावसभाऊच म्हटलं. त्यानं ते ऐकलं. आता माझ्या शब्दापलीकडे काही नाही. आणि माझा शब्द कसा असतो, ते नोंदवहीत दिसतंच आहे."

मुलगी फाइल छातीशी धरून उभी होती. शेवटी पोस्टमास्तर खाकरले. "पोरी, ते चष्म्याचं परत लाव बरं."

तिनं लावलं. हॉलनं श्वास रोखून बघितलं. फुंकर, शर्टाचं टोक, उजेड, आधी एक कान, मग दुसरा.

"मला तीन मावसभाऊ आहेत," पोस्टमास्तर म्हणाले. "एकानं कधी माझा चष्मा पुसला असेल तर शपथ. पडला तर वरून पाय देतील मेले. पोरी, दुरुस्ती करून टाक."

पुरावेकाकांनी त्यातलं काही बघितलं नाही. त्यांचा चष्मा धुरकटला होता. तो काढून ते रुमालानं पुसत होते, आणि नाकावर परत चढवेपर्यंत अकरा सेकंद होऊन गेले होते. "परत लावू का, काका?" मुलीनं विचारलं. त्यांनी नको म्हटलं. तिनं निवेदकाचं ते वाक्य काढून टाकलं आणि तिथे दोघांची नावं घातली, खाली, "एकतीस वर्षं एका घरात." ज्यानं ते वाचून भिंतीकडून तोंड फिरवलं असतं, तो आता नव्हता.

महिन्याचा शेवटचा शनिवार आला. पुरावेकाका छत्री घेऊन आले, पण तिसऱ्या रांगेत गेले नाहीत. पार मागे कोपऱ्यात गेले आणि घड्याळवाला जिथे बसायचा त्या खुर्चीत बसले. दिवे गेले. तेव्हा त्यांना कळलं, तिथून पडदा नीट दिसतच नाही. मधे खांब येतो, अर्धाअधिक सिनेमा त्यामागे जातो. शेजारची खुर्ची रिकामी होती आणि तिथून पडदा पूर्ण दिसला असता. या खुर्चीतून मात्र खांबाच्या कडेनं सरळ रेषेत दिसत होती ती तिसऱ्या रांगेतली दुसरी खुर्ची. त्यांची खुर्ची. पडद्यावरचा उजेड तिच्या पाठीवर पडत होता.

ते दोन तास तिकडेच बघत बसले.

दिवे लागले. पोस्टमास्तर वळून वळून त्यांना शोधत होते. मागे दिसल्यावर तिथूनच ओरडले, "अहो काका, आज दोघंही जगले की! आता कार्डावर काय लिहाल?"

"मला नाही दिसलं," पुरावेकाका म्हणाले. "मधे खांब होता."