मालिनीअक्कांच्या हातचं पहिलं पान

माझा नवरा चारुदत्त सबनीस दारू पीत नाही, पत्ते खेळत नाही, परक्या बाईकडे मान वळवून बघतही नाही. त्याला व्यसन एकच आहे, जळण्याचं. शेजाऱ्याला बिल्डिंगमध्ये सावलीतलं पार्किंग मिळालं की याच्या पोटात दुखायला लागतं. आमचंही पार्किंग सावलीतच आहे, हे त्या वेळी त्याच्या लक्षात नसतं.

बर दुबईत, मीना बाजारच्या मागच्या गल्लीत एक ट्रॅव्हल ऑफिस आहे. तिथलं श्रीलंकेचं टेबल अठरा वर्षं चारूकडे आहे. श्रीलंका म्हणजे समुद्र आणि चहाचे मळे एवढंच धरून गिऱ्हाईक येतं आणि चारू त्याला सण विकतो. मे महिन्यातल्या पौर्णिमेला वेसाक, तेव्हा घराघरांवर कागदी कंदील आणि रस्त्यात लोकांना फुकट जेवू घालणारे मांडव. ऑगस्टच्या आसपास कँडीला पेराहेरा, सजवलेल्या हत्तींची मिरवणूक. जाफन्याला नल्लूरच्या देवळात जायचं तर पुरुषांनी अंगातला शर्ट काढायचा, हेही तो आधीच बजावतो. ‘प्रत्येक पौर्णिमा तिथे पोया, त्या दिवशी दारू मिळणार नाही, मग मला फोन करून ओरडायचं नाही,’ हे वाक्य तर तो झोपेतही म्हणू शकेल. शारजाच्या एका मित्रमंडळाने ते ऐकलं नव्हतं. ते ऐन पौर्णिमेला गॉलच्या समुद्रकिनारी शहाळं पीत बसले आणि परत येऊन चारूशी महिनाभर बोलले नाहीत.

म्हणजे माणूस कामाला पक्का आहे. पण हे सगळं त्याला शिकवलं कोणी, तर मालिनीअक्कांनी. अक्का श्रीलंकेतल्या मातराच्या, सिंहली, साठीला आलेल्या. राहायला शारजात रोल्लाला. ऑफिसात तिकडची हॉटेलं, गाड्या, गाईड यांचं बुकिंग त्या बघतात. चारूने गिऱ्हाईक आणायचं आणि अक्कांनी त्यांची सोय लावायची. त्या याला ‘मल्ली’ म्हणतात, म्हणजे धाकटा भाऊ. सख्ख्या बहिणीने भाऊबीजेला ओवाळलं तरी हा इतका खुलत नाही, जितका या ‘मल्ली’ने खुलतो.

एप्रिलच्या मध्यावर सिंहली आणि तमिळ लोकांचं नवीन वर्ष एकाच दिवशी सुरू होतं. जुनं संपून नवं लागेपर्यंत मधे काही तास असे असतात की चूल पेटवायची नाही, काम करायचं नाही, काही खायचंही नाही. मग ज्योतिष्यांनी ठरवून दिलेल्या मुहूर्तावर चूल पेटते, आणि पुढच्या मुहूर्तावर पहिला घास आणि पहिली देवघेव. ही देवघेव मोठी गोड असते. विड्याच्या पानात एक नाणं ठेवून समोरच्याला द्यायचं, आणि त्याने आपल्याला तसंच द्यायचं. ज्याच्या हाताला यश आहे आणि ज्याच्याबरोबर वर्षभर काम करायचं आहे, असा माणूस यासाठी निवडतात. अक्का दर वर्षी चारूला निवडायच्या. त्या सकाळी मालक नव्या-जुन्या प्रवाशांनाही बोलावतात, सण बघायला आणि चाखायला. अक्का तांदळाच्या पिठाचे, फुलासारखे कुरकुरीत कोकीस आणतात. व्हिसाचं काम बघणारा विजयकुमार जाफन्याचा, त्याच्या घरून कैरी, गूळ आणि कडुनिंबाच्या फुलांची पचडी येते. मी चिरोटे नेते. आणि सगळ्यांच्या देखत अक्कांचं पहिलं पान चारूच्या हातात पडतं. पुढे वर्षभर टूर भरल्या की तो म्हणणार, ‘अक्कांचं पान.’ न भरल्या की म्हणणार, ‘मार्केट डाऊन आहे.’

गेल्या दिवाळीनंतर ऑफिसात शुभ्रा आली. तिशीतली, पुण्याची, नर्सरीत जाणारा एक मुलगा. अक्कांच्या हाताखाली बुकिंग शिकायला तिला घेतलं होतं. आल्याच्या आठवड्यात तिने अक्कांना विचारलं, ‘नमस्काराला सिंहलीत काय म्हणतात?’ महिन्याभरात ती तिकडच्या ड्रायव्हरांशी फोनवर सिंहलीत हसायला लागली. चारूला अठरा वर्षांत चार वाक्यं येतात, त्यांतली दोन जेवणाची.

झालं, अंगाचा तिळपापड सुरू.

“आज अक्कांनी तिला डब्यातला अर्धा पोळ सांबोल दिला,” एकदा तो जेवताना म्हणाला. पोळ सांबोल म्हणजे ओल्या नारळाची तिखट चटणी.

“मग? तुला नाही दिला?”

“दिला. पण मला झाकणात दिला. तिला वाटीत.”

दुसऱ्या दिवशी वेगळीच तक्रार. अक्का शुभ्राला ‘दुवा’ म्हणायला लागल्या होत्या. त्यांच्यात दुवा म्हणजे मुलगी. “मी अठरा वर्षं भाऊच राहिलो आणि ही पाच महिन्यांत मुलगी झाली,” चारू म्हणाला.

मी म्हटलं, “चारू, तू बावन्न वर्षांचा आहेस. तुला मुलगा कसं म्हणतील?”

तो त्यावर खरंच विचार करत बसला.

मार्चअखेरीला त्याने नवीन बातमी आणली. अक्का शुभ्राला पँट्रीत बोलावून पान कसं धरायचं ते शिकवत होत्या. देठ कुणीकडे, हात कसे, वाकायचं कधी. याने ते कॉफी आणायला गेल्यावर बघितलं आणि कॉफी न घेताच परत आला. त्या दिवसापासून जेवण निम्म्यावर आलं. यंदाचं पान शुभ्राला जाणार, एवढंच त्याच्या डोक्यात घोळत होतं. मी म्हटलं, अक्कांना सरळ विचार. तर म्हणाला, “मान मागून घेतात का?”

आमचा वेदांग दहावीत आहे. त्याने हेडफोन काढून विचारलं, “बाबा, यू आर जेलस ऑफ अ लीफ?”

“शट अप अँड स्टडी,” चारू म्हणाला.

सणाच्या आदल्या संध्याकाळी शुभ्राचा फोन आला. मी चिरोट्यांना पाक लावत होते, हा बाल्कनीच्या दारात उभा होता. त्याचं बोलणं मला ऐकू आलं. “हो, हो, देवघेवीचा मुहूर्त पावणेअकराचा. हां, पेपरमध्ये आहे तोच. यू टेक युअर टाइम.” फोन ठेवून आला तो शीळ घालत. दोन आठवड्यांनी पहिल्यांदा त्याने दोनदा भात घेतला. मला वाटलं, चला, निवळला.

सकाळी मात्र आठलाच घाई. “छाया, यल्ला, चल लवकर. सव्वानऊच्या आत पोचायचंय.”

गाडीत बसल्यावर माझी ट्यूब पेटली. “सव्वानऊ? काल तू शुभ्राला पावणेअकरा सांगितलंस.”

“श्रीलंकेची वेळ सांगितली. तिकडच्या पेपरात छापलेली तीच आहे. इथे दीड तास मागे.”

“हे तिला सांगितलंस?”

“तिने विचारलं नाही.”

“चारू!”

“मी खोटं काय बोललो? बुकिंग शिकतेय ना? टाइम डिफरन्स हा बुकिंगचा पहिला धडा आहे.”

मला इतका संताप आला, की डबा मांडीवर नसता तर मी सिग्नलला उतरूनच गेले असते. तिथल्या तिथे शुभ्राला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. परत लावला, मेसेज टाकला. ती बहुतेक मुलाला नर्सरीत सोडत होती, फोन पर्समध्ये. चारू समोर बघून गाडी चालवत होता. त्याने नवा शर्ट घातला होता, यंदाच्या शुभ रंगाचा, आणि खिशात ओल्या रुमालात पान होतं. देवळाच्या गल्लीतल्या फुलवाल्याकडून त्याने ते स्वतः निवडून आणलं होतं.

ऑफिसात सगळी तयारी झाली होती. नारळाच्या दुधात शिजवलेल्या भाताच्या वड्या, केळी, कोकीस, पितळी समई. मेमध्ये वेसाकला निघणारी आठ-दहा प्रवासी मंडळी आली होती. एका बाईंनी चारूला विचारलं, “हे आपल्या पाडव्यासारखंच ना?” एरवी याने त्यांना पंधरा मिनिटं सोडलं नसतं. आज नुसता ‘हो’ म्हणाला आणि अक्कांच्या उजव्या हाताला जाऊन उभा राहिला. अक्का पांढऱ्या साडीत होत्या. त्यांची नजर दाराकडे होती.

“दुवा किधर है?” त्यांनी विचारलं.

“आती होगी,” चारू म्हणाला. “ट्रॅफिक है, अक्का.”

सव्वानऊ झाले. विजयकुमारने मालकांना पान दिलं, मालकांनी त्याला. टाळ्या वाजल्या. चारूने रुमाल उघडला, पानात दिरहमचं नाणं ठेवलं आणि दोन्ही हात पुढे केले.

अक्कांनी हात पुढे केलाच नाही. “रुको मल्ली,” म्हणाल्या, आणि परत दाराकडे बघायला लागल्या.

मी आयुष्यात याला इतका वेळ हात पसरून उभं राहिलेलं बघितलं नाही. प्रवासी मंडळी आधी कौतुकाने बघत होती, मग एकमेकांकडे बघायला लागली. कुणीतरी व्हिडिओ काढत होतं ते बंद केलं. चारूचे कान लाल झाले. विजयकुमारने घड्याळात बघून हळूच मान हलवली. मुहूर्त टळला होता.

“अक्का, मैं हूँ ना इधर,” चारू म्हणाला. “हर साल मेरे साथ करते हो.”

अक्कांनी त्याचे हात खाली केले. मग त्यांनी आपल्या मोडक्यातोडक्या हिंदीत जे सांगितलं ते असं. जूनमध्ये त्या कायमच्या मातराला निघाल्या होत्या. गुडघे थकले होते, लेकाने घर बांधलं होतं. जाणाऱ्या माणसाने राहणाऱ्याला वर्षाचं पहिलं पान द्यायचं नाही, वर्षभर पुढे द्यायला-घ्यायला तो असणार कुठे? म्हणून त्यांनी ठरवलं होतं, की यंदा मल्लीला पहिलं पान शुभ्राने द्यायचं. यापुढे याची गिऱ्हाइकं तीच सांभाळणार. मल्लीच्या हाताला यश आहे, त्याच्यापुढे वाक, मग पान दे, हे त्या तिला महिनाभर शिकवत होत्या. आणि त्यांना ते डोळ्यांनी बघून मग जायचं होतं. मल्लीला आधी सांगितलं तर तो रडेल, म्हणून सांगितलं नव्हतं.

चारूच्या हातातलं नाणं टेबलावर पडलं. ते त्याने उचललं नाही. अक्कांनी आपलं स्वतःचं पान कोपऱ्यातल्या छोट्या बुद्धमूर्तीपुढे ठेवलं आणि सगळ्यांना भात वाढायला घेतला. सण होता, लोक जेवायला हवे होते.

शुभ्रा साडेदहाला आली. मुहूर्ताच्या आधी पंधरा मिनिटं, तिच्या हिशेबाने. नेसलेली साडी सावरत, हातात पानांची अख्खी जुडी, कपाळावर घाम. लोक हात धुऊन निघायच्या तयारीत होते. तिने सगळीकडे बघितलं, रिकाम्या ताटल्या बघितल्या.

“झालं?” ती म्हणाली. “पण पावणेअकरा...”

“सवा नौ,” विजयकुमार म्हणाला. “दुबई टाइम सवा नौ.”

“किसने बोला पौने ग्यारह?” अक्कांनी विचारलं.

शुभ्राने चारूकडे बघितलं. मीही बघितलं. तो प्रिंटरमध्ये कागद भरत होता. प्रिंटर भरलेलाच होता.

“मीच चुकले, अक्का,” शुभ्रा म्हणाली आणि मग हिंदीत सांगितलं, “पेपर में देखा। डेढ़ घंटा कम करना भूल गई। सॉरी। सॉरी, सबनीस सर.” आणि तिला रडू फुटलं. अक्कांनी तिला जवळ घेतलं, तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि सिंहलीत काहीतरी पुटपुटत राहिल्या. मला वाटलं, आता तरी हा बोलेल. मी दोनदा खाकरले. याने प्रिंटरचा ट्रे परत बाहेर ओढला.

परतताना गाडीत मी ठरवलं होतं, की घरी पोचेपर्यंत एक शब्द बोलायचा नाही. बोलले असते तर मग थांबले नसते. खाडीखालच्या बोगद्यात तोच बोलला.

“बघितलंस ना?” चारू म्हणाला.

मी म्हटलं, “काय?”

त्याचे डोळे भरले होते. “जाणार म्हणून अक्कांनी तिला महिनाभर आधी सांगितलं. आणि जवळ घेतलं तेही तिलाच.”