कानावर पडलेलं काम

"बगा मॅडम, काय शांतता हाय!" शेठ खुर्चीत रेलून म्हणाले. पनवेल एसटी स्टँडच्या मागे त्यांचं ट्रान्सपोर्ट ऑफिस आहे. तिथे त्या दिवशी आम्ही दोघंच होतो. सगळा स्टाफ ट्रायल म्हणून आपापल्या घरून काम करत होता. तेवढ्यात शेठचा फोन वाजला आणि शांतता तिथंच संपली.

दोन ट्रेलर बंदराच्या बंद गेटसमोर अडकले होते. कट-ऑफ हुकली. कट-ऑफ म्हणजे जहाजासाठी कंटेनर आत घेण्याची शेवटची वेळ. ती गेली की जहाज गेलं, आणि मागोमाग पार्टीच्या, म्हणजे माल पाठवणाऱ्या गिऱ्हाइकाच्या, शिव्या आल्या. गेट बंद झाल्याचं बंदराशी बोलणाऱ्या नीलेशला बरंच आधी कळलं होतं. ट्रेलर सोडणाऱ्या संगीताला मात्र पत्ताच नव्हता.

मी नीलेशला फोन लावला. तोच उलट माझ्यावर चिडला. "तिला सांगायचं असतं हे मला काय माहीत? ऑफिसात कधी सांगावं लागलं नाही!"

कंपन्यांच्या टीमना घरून एकत्र काम करायला शिकवणं हा माझा धंदा. लोकांना वाटतं, व्हिडिओ कॉलचं बटण कुठं असतं तेवढं मी दाखवते. तेही दाखवते म्हणा, पण तेवढ्यासाठी कोण पैसे देतो? शेठची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला जाणार होती आणि नवं ऑफिस घ्यायची त्यांची तयारी नव्हती. म्हणून मला बोलावणं आलं होतं.

"बंद करा तुमची शाला," शेठ कडाडले. "महिनाअखेर सगल्यांना भिवंडीच्या गोडाउनला बसवतो. समोरासमोर असल्याशिवाय यांचा काम होत नाय."

संध्याकाळी संगीताचा फोन आला. ती पनवेलजवळच्या नेऱ्याला राहते. "मॅडम, भिवंडी म्हणजे माझी नोकरी गेलीच. सासूबाई अंथरुणावर हायत. नेऱ्यावरून रोज तिथं जाऊन येनार कशी मी?" मला वाईट वाटलं, आणि त्याहून जास्त राग आला. इतकी वर्षं इमानेइतबारे काम करणारी बाई एका बंद गेटपायी घरी बसणार होती.

दुसऱ्या दिवशी शेठसमोर उभी राहिले. "एकदा सगळ्यांना ऑफिसात बोलवा. मी काही शिकवणार नाही, नुसती बसणार."

"नुसत्या बसायचे पन पैसे लावनार?"

"लावणार."

सगळे आले, आणि मी कोपऱ्यातली खुर्ची धरून बसले. नीलेश फोनवर ओरडत होता, "काय सांगतो? बंदरात कंटेनर स्कॅनिंगला लाइन लागली?" संगीताची त्याच्याकडे पाठ होती. तिने मानही वळवली नाही, पण तिच्या फोनवरच्या ड्रायव्हरला म्हणाली, "तू कळंबोलीलाच थांब रे." तिकडे पार्ट्यांशी बोलणाऱ्या जोशीकाकांनीही लगेच एका पार्टीला फोन लावला: माल थोडा उशिरा पोचेल.

मी संगीताला विचारलं, "तुला थांबवायला कोणी सांगितलं?"

"कुनी नाय. ऐकू आलं."

मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. या ऑफिसात निरोप कोणी देतच नव्हतं. जो तो आपल्या फोनवर ओरडायचा आणि बाकीचे आपल्याला हवं तेवढं उचलायचे. घरी बसवल्यावर आम्ही पहिलं काय केलं असेल, तर सगळ्यांना म्यूटवर टाकलं!

मग मी शेठना उपाय सांगितला. दिवसभर एक ऑडिओ लाइन चालू ठेवायची. एका कानात इअरफोन. कामाचा फोन आला की माइक चालू करून मोठ्यानेच बोलायचं. उत्तर द्यायची सक्ती कुणावर नाही.

"म्हंजे आता घराघरातला गोंधल ऐकत बसू?"

"बसा. आणि या लाइनवरून कुणाची हजेरी घ्यायची नाही, रेकॉर्डिंग करायचं नाही. तुमचाही माइक चालू राहील."

शेठनी तोंड वाकडं केलं, पण आठवडाभराची मुदत दिली.

पहिले दोन दिवस नुसता तमाशा. सुकापूरला जोशीकाकांच्या वरच्या फ्लॅटमध्ये ड्रिलिंग, नेऱ्यात संगीताच्या दारात कोंबड्या. शेठ ड्रायव्हरला काय काय म्हणतात तेही सगळ्यांना कळलं, आणि शेठची भाषा जरा सुधारली. हळूहळू कुणी माइक कधी चालू करायचा, हे न सांगता जमायला लागलं.

मुदत संपायच्या दिवशी पळस्प्याच्या पुढे बंदराच्या रस्त्यावर टँकर आडवा झाला. लाइनवर नीलेशचा आवाज आला, "टँकर? पूर्ण रस्ता बंद?" त्याचा फोन संपायच्या आत संगीता पुण्याकडून येणाऱ्या ड्रायव्हरना सांगत होती, "पळस्प्याला वळू नका, सरळ कळंबोलीवरून जा." जोशीकाकांनी पार्टीला आधीच कळवून टाकलं. रस्त्यात इतर कंपन्यांच्या गाड्यांची रांग लागली होती. आमचे सगळे कंटेनर कट-ऑफच्या आत बंदरात!

दुपारी पार्टीचा मालक खूश होऊन स्वतः शेठशी बोलला. ते बोलणंही अर्थातच लाइनवर सगळ्यांनी ऐकलं. फोन ठेवून शेठ गरजले, "संगीता, भिवंडी कॅन्सल! नेऱ्यातच बस!" पलीकडून आधी कोंबड्याच ऐकू आल्या, मग संगीताचं रडू. मी माझा माइक पटकन बंद केला, कारण माझेही डोळे भरून आले होते.

टीमला घरी पाठवण्याआधी मी आता एक दिवस बघते, ही माणसं एकमेकांचं काय काय ऐकतात. कुणाच्याही कामाच्या यादीत ते लिहिलेलं नसतं. शिस्त लावायला निघालेले साहेब सगळ्यात आधी तेच बंद करतात, आणि मग विचारतात, टीमला झालंय तरी काय.