रिकाम्या ताटाचं कौतुक

लॉकडाऊनमध्ये लोक काय काय शिकले! कुणी योगासनं, कुणी केक. आमच्या शेजारचे आबा तर बासरी शिकले आणि अख्ख्या गल्लीचे कान किटवून थांबले. मी मात्र खाल्लं. दुसरं काही केलं असं आठवतच नाही.

मी शाळेत विज्ञान शिकवते. त्या दिवसांत तास मोबाइलवर. आठवीच्या पोरांना 'संतुलित आहार' शिकवताना माझ्या मांडीवर शेवेचा डबा असायचा. पोरांना प्रश्न टाकायचा, माइक बंद करायचा, बकाणा भरायचा. एकदा माइक बंद करायचाच राहिला. एक पोरगी म्हणाली, "मॅडम, तुमच्याकडे काहीतरी तुटतंय." मी म्हटलं, "नेटवर्कचा प्रॉब्लेम आहे, बेटा." तोंडात शेव असल्यामुळे ते तिला कितपत कळलं, देव जाणे.

भूक म्हणाल तर नव्हतीच. भीती होती. नवरा पाणीपुरवठ्यात, त्याला घरी बसायची सोय नव्हती. सगळं जळगाव दारं लावून बसलेलं आणि हा सकाळी मास्क लावून स्कूटर काढायचा. त्याची स्कूटर वळली की माझा हात डब्यात. तो परत येऊन आंघोळ करून बाहेर येईपर्यंत मी काही ना काही चावत असायची. केळीचे वेफर, दादर ज्वारीची भाकरी-ठेचा, सकाळची उरलेली खिचडी, मग परत वेफर. तो आला की शहाण्यासारखी त्याच्याबरोबर जेवायलाही बसायची. "तुला बरी भूक लागते गं," असं तो म्हणायचा. बिचाऱ्याला वाटायचं, मी त्याच्यासाठी थांबलेय.

त्यात उन्हाळा आला, म्हणजे बिबड्यांचा हंगाम. बिबडे म्हणजे ज्वारीचे पापड. ज्वारी भिजवायची, भरडायची, तीळ-लसूण-मिरची घालून मोठ्या पातेल्यात शिजवायची. त्या शिजलेल्या पिठाला आम्ही घाटा म्हणतो. घाटा झाला की पहिल्यांदा गल्लीत वाट्या जातात, वरून तेलाची धार सोडून. मग बायका पोळपाट घेऊन गच्चीवर येतात आणि हातोहात बिबडे होतात. माझ्या सासूबाईंच्या वेळेपासून पातेलं तेवढंच, मापही तेवढंच. मी अक्कलशून्य बाईनं त्या वर्षीही तेवढाच घाटा शिजवला. शिजल्यावर डोक्यात प्रकाश पडला की ना कुणाकडे वाटी द्यायची सोय, ना कुणी बिबडे लाटायला येणार. गच्चीवर मी आणि माझी पंधरा वर्षांची मुलगी. थोडेबहुत बिबडे आम्ही घातले. बाकीचा अख्ख्या गल्लीच्या वाट्यांचा घाटा मी तीन दिवसांत खाल्ला. हो, मीच. लाज वाटते, पण चव अजून जिभेवर आहे.

मुलीलाही वाटी भरून दिली होती. मी तेलाची बाटली आणायला खाली जाऊन आले, तर तिची वाटी चाटून पुसून स्वच्छ. माझी मात्र होती त्याहून शिगोशीग. मला काय वाटावं? आपण घेतानाच जास्त घेतला असेल! "शाब्बास गं माझी वाघीण," असं म्हणून मी माझी वाटी संपवली.

असं मग रोजच व्हायला लागलं. "आई, अर्धी पोळी घे ना, माझं पोट भरलं." "आई, ही भाजी तुझी आवडती आहे." आमच्या घरात ताटात टाकलेलं चालत नाही, आणि टाकलेलं कुणी संपवायचं असेल तर ते आईनं. मी ते आनंदानं करायची. पोरगी किती समजूतदार झाली, आईच्या तोंडात घास घालते! तिचं ताट घासायला टाकताना मी नवऱ्याला मुद्दाम दाखवायची, "बघा, एक शीत टाकत नाही तुमची लेक." तोही खूश, मीही खूश. ती ढगळ टी-शर्ट घालून मोबाइलमध्ये डोकं घालून बसलेली. त्या दिवसांत कुणाचं पोर ढगळ टी-शर्टात नव्हतं?

धुळ्याला माझी थोरली नणंद असते, तिला आम्ही सगळे अक्का म्हणतो. जुलैत तिनं व्हिडिओ कॉल केला. मी आणि मुलगी स्क्रीनमध्ये. अक्कानं चष्मा वर केला, खाली केला, आणि ओरडलीच, "आवं, पोर कितली सुकाई गयी वं! तुले दिखत नही का?"

मला इतका राग आला म्हणून सांगू! धुळ्यात बसून, चार इंचाच्या मोबाइलवर हिला दिसतं, आणि मी आई आंधळी? "अक्का, मोबाइलच्या कॅमेऱ्यात तसं दिसतं," असं सांगून मी कॉल कापला. रागाच्या भरात डब्यातले वेफर संपवले. मग मुलीला हाक मारली आणि नुसता दंड धरला. माझ्या बोटांची टोकं एकमेकांना लागली. त्या दिवशी पुढे काहीच खाववेना, आणि माझ्या बाबतीत ही बातमीच म्हणायची.

डॉक्टर बाई काचेपलीकडे बसल्या होत्या, मास्कवर परत प्लॅस्टिकचं झाकण. त्यांनी विचारलं, "दिवसभरात काय काय खाते?" मुलीला विचारलं होतं, पण उत्तर द्यायला मी तयारच. मास्तरीण ना! सकाळी पोहे, दोन पोळ्या, भाजी, वरण-भात, चार वाजता वेफर, रात्री भाकरी. घडाघडा सांगितलं, अगदी मनापासून.

मुलगी खाली बघत म्हणाली, "मॅडम, हे सगळं आई खाते."

कुचकेपणानं नाही हो. चूक दुरुस्त करावी तसं म्हणाली. मी हसले. खरंच हसले, मला वाटलं गंमत करतेय. मग डॉक्टर बाई हसल्या नाहीत हे माझ्या लक्षात आलं.

हळूहळू त्यांनी तिला बोलतं केलं. तेव्हा कळलं, की मी रोज आरशासमोर उभी राहून जे विनोद करायची ते ती ऐकत होती. 'म्हैस झाली गं तुझी आई! कपाटाच्या आरशात मावत नाही. तू माझ्यावरच गेलीयेस हो, तयारी ठेव!' घरात हशा पिकायचा. मला वाटायचं, निदान एवढं तरी हसू आहे घरात. "मला भीती वाटायची," ती म्हणाली, "आई हसायची, पण मला भीतीच वाटायची."

हे लिहितानाही मी विनोद करतेय, बघा. सवय मेली जात नाही.

डॉक्टर बाईंनी औषधापेक्षा कामंच जास्त दिली. सगळ्यांनी एकत्र जेवायचं. कुणाच्या शरीरावरून कुणी काही बोलायचं नाही, स्वतःच्याही नाही. आणि मला वेगळं सांगितलं, "तिच्या ताटाला तुम्ही हात लावायचा नाही. टाकलं तर टाकू द्या." माझ्यासाठीही एक समुपदेशक बाई सुचवल्या. मी म्हटलं, मला कशाला? डॉक्टर बाईंनी काचेखालून चिठ्ठी पुढे सरकवली. मी नंबर घेतला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी भाकरी आणि मेथीची भाजी वाढली. मुलीनं चार घास खाल्ले, ताट सरकवलं आणि खोलीत गेली. मी ताट उचलून ओट्यावर ठेवलं. पाऊण भाकरी, भाजी जशीच्या तशी. किती महिने ही पाऊण भाकरी रोज माझ्या पोटात जात होती आणि मी तिचं कौतुक करत होते. रडू आवरेना. आणि खरं सांगते, रडता रडता माझा हात त्या भाकरीकडेच गेला. मी तो मागे घेतला आणि पदराला धरून ठेवला.

"आई," आतून आवाज आला, "खाल्लंस का ते?"

"नाही."

"खरंच?"

ती उठून आली. ताट पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. "तोंड उघड."

पन्नाशीला टेकलेल्या बाईनं ओट्यापाशी उभं राहून आ केला. तिनं वाकून नीट बघितलं. तिला हसू आलं नाही, मलाही नाही.

"झाकून ठेव," ती म्हणाली. "संध्याकाळी बघते, जमलं तर."

मी झाकून ठेवलं, आणि संध्याकाळपर्यंत स्वयंपाकघरात पाऊल टाकलं नाही.