व्हॉल्यूमला जरा जास्त कुंकू

व्हॉल्यूमचा नॉब जरा फिरवला की ॲम्प खरखरत होता. सांगलीच्या एका हॉटेलात माझ्या गिटारचं साउंडचेक चाललं होतं. दसऱ्याची संध्याकाळ. मॅनेजर शिंदे टेबलं लावून घेता घेता जवळ आले.

"सर, पापड मोडल्यागत काय वाजायलंय हे?"

बघतो, म्हटलं. त्यांनी हळूच सांगितलं, मालक आज घरच्यांना घेऊन जेवायला येणार आहेत. त्यांना पसंत पडलं तर दर शनिवार-रविवार माझा. नाही पडलं तर लॅपटॉपवर गाणी लावणार. एरवी मी लग्नसराईवर जगणारा माणूस. वर्षभराचं बांधलेलं काम मला पहिल्यांदाच मिळू घातलं होतं.

माझा ॲम्प सॉलिड-स्टेट कॉम्बो आहे. कॉम्बो म्हणजे ॲम्प्लिफायर आणि स्पीकर एकाच पेटीत. सॉलिड-स्टेट म्हणजे आत ट्रान्झिस्टर. जुन्या ॲम्पसारखे काचेचे व्हॉल्व्ह नाहीत, त्यामुळे फुटायची भीती नाही. जाणकार गिटारवाले याच्या आवाजाला नाकं मुरडतात. मुरडोत बापडे. पाटणपासून इस्लामपूरपर्यंत एसटीत, टेम्पोत, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत हा आदळत आलाय आणि प्लग लावला की गुमान वाजलाय. माझा फार जीव आहे त्याच्यावर. त्या दिवशी मात्र तो रुसला होता.

मोबाइलचा टॉर्च लावून पाहिलं. नॉबच्या मुळाशी लाल दिसलं. कुंकू.

आदल्या दिवशी खंडेनवमी होती. रहिमतपुरात आमच्या घरी त्या दिवशी कोयता, विळी, फवारणीचा पंप, सगळं ओळीनं मांडून आई पूजा करते. ॲम्प मात्र दर वर्षी कोपऱ्यात चादरीखाली. गिटार हा आईच्या लेखी धंदा नव्हताच. "खोक्यानं पोट भरतं व्हय रं?" हे तिचं नेहमीचं. यंदा मी झेंडू घेऊन घरी आलो तर ओळीत, पंपाच्या शेजारी, माझा ॲम्प. त्याचे नॉब वरच्या बाजूला आहेत. ट्रेबल, मिड, बास, सगळ्यांना हळदकुंकू लागलं होतं. व्हॉल्यूमचा नॉब मोठा, म्हणून त्याला जरा जास्त. वरून फुलानं पाणी शिंपडलेलं. पेटीच्या पाठीवर कुंकवाचं स्वस्तिक.

मी बघत उभा राहिलो तर आई म्हणाली, "तुजं बी हत्यारच हाय की ते."

मग ते कुंकू पुसायचा धीर कसा व्हावा?

आता ते कुंकू पाण्याबरोबर नॉबच्या आत उतरलं होतं. आतल्या पट्टीवर कचरा गेला की फिरवताना खरखर होते, जास्त गेला तर नुसता ठेवला तरी. त्यावर एक स्प्रे मिळतो, फवारला की साफ. पण माझा स्प्रे घरी राहिला होता आणि ओळखीचा रिपेअरवाला सणाला गावी गेलेला. मी नॉब केसाकेसानं फिरवत राहिलो. एका जागी खरखर पूर्ण थांबली. फक्त तिथे आवाज एवढा मोठा, की जेवणाऱ्यांचा घास घशात अडकावा. गिटारवरच्या नॉबनं कमी करून पाहिला, तर तो गोधडीखालून आल्यासारखा दबका झाला.

मग मी अख्खी पेटीच फिरवली. स्पीकरचं तोंड भिंतीकडे, पाठ लोकांकडे. भिंतीवर आपटून आवाज मऊ होऊन परत आला. नॉबला हात न लावता मी वाजवायला लागलो. शिंदेंनी लांबून मान डोलावली.

मालक आले, जेवले. दोन-तीन गाणी झाल्यावर हात पुसत माझ्याकडे आले. मी वाजवायचा थांबलो. ते माझ्याकडे न बघता पेटीकडे बघत होते. पाठीवरचं स्वस्तिक आता थेट त्यांच्या टेबलासमोर होतं.

"पूजा कुणी केली?"

"आईनं."

"आमच्या आईनं बी काल तंदूरला कुंकू लावलं. दोन रोट्या लाल निघाल्या." ते हसले. "आवाज कानात घुसत न्हाई तुमचा. शनिवारी या."

घरी आल्यावर आईनं विचारलं, नीट वाजला का. लय गोड वाजला, म्हटलं. दुसऱ्या दिवशी ती शेतावर गेल्यावर स्प्रे मारून नॉब साफ केले. स्वस्तिक तेवढं ठेवलं. हॉटेलात पेटी अजून भिंतीकडे तोंड करूनच असते.

नवीन ॲम्प घेणाऱ्यांना माझा एवढाच सल्ला. खंडेनवमीच्या आदल्या दिवशी सगळ्या नॉबवर सेलोटेप लावून ठेवा. आईला काही सांगू नका.