कबुतरवाल्याची साक्ष

अम्मानच्या नझीफ टेकडीवर अबू फादियाला ओळखत नाही असा माणूस नाही, आणि त्याच्या शब्दावर विश्वास ठेवणाराही नाही. तो गच्चीवर कबुतरं उडवतो. दुसऱ्याचं चुकलेलं कबूतर आपल्या थव्यात ओढायचं आणि वर शपथ घ्यायची की हे माझंच, ही कबुतरं उडवणाऱ्यांची जुनी खोड. म्हणून कबुतरवाल्याची साक्ष कुणी धरत नाही. बिचाऱ्या अबू फादियाने जन्मात खोटी शपथ घेतली नव्हती. तरी गेल्या वर्षी पुतणीच्या निकाहात साक्षीदार हवा होता, तो हौसेने पुढे झाला, आणि शेजारचा हाजी रातिब भर बैठकीत म्हणाला, "तू बस रे बाबा. लग्न टिकायला हवं पोरीचं." सगळे खो खो हसले. तेव्हापासून त्याचं कशातच मन लागेना. दाणे टाकायचे म्हणून टाकायचा.

त्या सकाळी जिना चढून तो धापा टाकत उभा राहिला, तर हाजीच्याच पाण्याच्या टाकीवर एक मोठा काळा पक्षी. टकलं लाल डोकं, मानेवर विस्कटलेली पिसं, विळ्यासारखी वाकडी चोच. आजोबा वाळवंटातल्या ज्या पक्ष्याच्या गोष्टी सांगायचे, टीव्हीवाले ज्याला संपत आलेला म्हणतात, तोच. इथे, डिश अँटेनांच्या गर्दीत!

"हाजी!" तो दबक्या आवाजात ओरडला. "वर या! तुमच्या टाकीवर बघा काय बसलंय!"

"आता माझ्या टाकीवरचंपण तुझंच का?" खालून आवाज आला. पण जिन्यात चपला वाजू लागल्या.

एकदाच, एकदाच या हाजीने स्वतःच्या डोळ्यांनी पाहावं, असं अबू फादियाला वाटलं. तेवढ्यात पक्ष्याने पंख सैल केले. निघाला! अबू फादियाचा हात आपसूक काठीकडे गेला. परका पक्षी दिसला की आपला थवा उडवायचा, म्हणजे तो त्यात सामील होऊन खाली उतरतो. हाडामासात भिनलेली सवय ती. काठीच्या टोकाची चिंधी फडफडली, कबुतरं भर्रकन वर गेली, आणि तो काळा पक्षी बिचकून टेकडीपलीकडे दिसेनासा झाला.

हाजीने रिकामी टाकी पाहिली. "घे बघू शपथ," म्हणाला, आणि हसत खाली उतरला.

अबू फादिया मटकन खाली बसला. रागही आला नाही. नुसता थकून गेला होता तो, या सगळ्याला.

जिन्याच्या तोंडाशी त्याची बायको ओल्या कपड्यांची बादली घेऊन उभी होती.

"लाल डोक्याचा होता," ती म्हणाली. "पाहिला मी."

"अगं, मग हाजीला सांगायचं नाही का?"

"मी? कबुतरवाल्याची बायको?" बादली ठेवून ती त्याच्याजवळ टेकली. "सरका जरा."